मार्गशीर्षातले गुरुवार आणि २५ डिसेंबर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी स्थायिक झालेली मराठी कुटुंबे डिसेंबरात घरात नाताळचे झाड उभे करतात, मुलांना सांताक्लॉजला पत्रे लिहायला लावतात आणि आपले सणवार मात्र विसरतात, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या दैनिकात नुकतेच वाचले. पत्रलेखकांच्या कळकळीविषयी मला शंका नाही. २०२१ साली मला कोणी विचारले असते, तर त्या पत्राखाली मी स्वतः सही केली असती. त्यानंतर जे पाहिले आणि ऐकले, त्यामुळे माझे मत पूर्ण बदलले आहे, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

माझी मुलगी, जावई आणि तेव्हा सहा वर्षांचा असलेला नातू २०२१ च्या ऑक्टोबरात कॅनडातील ओंटारिओ प्रांतात राहायला गेले. त्या डिसेंबरात मुलीने एक छायाचित्र पाठवले. बैठकीच्या खोलीत कमरेएवढे झाड, त्यावर दिव्यांची माळ आणि शेजारी उभा असलेला नातू. आमच्याकडे, म्हणजे रेवदंडा-चौल भागात, मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मीचा घट मांडण्याची रीत घरोघर पाळली जाते आणि ते दिवस नेमके त्या गुरुवारांचेच होते. मी फोन करून मुलीला म्हटले, "घट मांडला नाहीस आणि हे काय मांडलंस?" ती काही बोलली नाही. त्यानंतर महिनाभर तिच्याकडून एकही छायाचित्र आले नाही. एका वाक्याने आपण तिला किती एकटे पाडले, हे मला पुढे दोन वर्षांनी तिच्या घरी गेल्यावर समजले, आणि त्याचे वाईट आजही वाटते.

त्या पहिल्या डिसेंबरात काय घडले होते ते सांगते, कारण येथे बसून त्याची कल्पना येत नाही. सण म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उघडी दारे, गर्दीने भरलेला बाजार आणि येणारीजाणारी माणसे येतात. तिकडचा २५ डिसेंबर याच्या अगदी उलट असतो. ओंटारिओत २५ आणि २६ हे दोन्ही दिवस सार्वजनिक सुटीचे असून २५ तारखेला बहुतेक दुकाने कायद्यानेच बंद ठेवावी लागतात. शाळांना दोन आठवड्यांची सुटी असते आणि जो तो आपापल्या घरात, आपापल्या माणसांत असतो. संध्याकाळी पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. ज्याला त्या देशात अजून कोणी आपले नाही, त्याच्यासाठी वर्षातला सर्वांत लांब दिवस तो हाच. माझ्या मुलीला दुकाने बंद राहणार हे ठाऊक नव्हते आणि घरातले दूध संपले होते. जावई मुलाला घेऊन उघडे दुकान शोधत तासभर चालून रिकाम्या हाताने परतला. तेव्हा समोरच्या घरातील फिलिपिनो बाईंनी दार वाजवले. त्यांनी दूध तर दिलेच, पण तिघांना जेवायला नेले.

त्या बाईंच्या खिडकीत बांबूच्या काड्या आणि रंगीत कागद यांची पाच टोकांची मोठी चांदणी टांगलेली होती. तिला ते लोक 'पारोल' म्हणतात. नातू ती पाहून ओरडला, "आई, आकाशकंदील!" जेवणानंतर त्यांनी तांदळाचे पीठ आणि नारळाचे दूध यांचा भाजलेला एक गोड पदार्थ वाढला. त्याचे नाव बिबिंगका. मुलगी म्हणते की पहिल्या घासाला तिला आमच्या घरचे सांदण आठवले आणि डोळ्यांत पाणी आले. दुसऱ्या दिवशी त्याच बाईंनी आपल्याकडचे जुने छोटे झाड तिला दिले, आणि त्याचेच छायाचित्र मला आले होते. ते झाड म्हणजे एका शेजारणीने केलेली विचारपूस होती, आणि मी त्यात संस्कृतीचा ऱ्हास पाहिला.

सांताक्लॉजच्या पत्रांविषयीही येथेच लिहिते. कॅनडाचे टपाल खाते मुलांच्या अशा पत्रांना दर वर्षी उत्तरे पाठवते आणि त्यासाठी त्यांनी एक खास पिनकोडही ठेवलेला आहे. वर्गात अजून कोणाशी बोलणे नसलेल्या माझ्या नातवाने आयुष्यातले पहिले पानभर इंग्रजी लिहिले ते त्या पत्रात, आणि नव्या देशात त्याच्या स्वतःच्या नावाने आलेले पहिले टपाल म्हणजे त्या पत्राचे उत्तर. तो कागद त्याने अजून जपून ठेवला आहे. पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवलेल्या मला याचे मोल सांगायला कोणी नको होते, तरी मी ते पाहिले नाही.

२०२३ च्या नोव्हेंबरअखेर मी तिकडे गेले आणि जानेवारीत परतले. त्या वर्षी मार्गशीर्षातला पहिला गुरुवार १४ डिसेंबरला होता. घटासाठी आंब्याची पाने भारतीय वाण्याच्या दुकानात मिळाली, मात्र पाच प्रकारच्या डहाळ्या कोठून आणणार? नाताळची झाडे विकणाऱ्यांकडे तासून टाकलेल्या फांद्यांचा ढीग पडलेला असतो, त्यातल्या दोनतीन प्रकारच्या सुवासिक डहाळ्या मुलीने मागून आणल्या आणि आंब्याच्या पानांबरोबर कलशात खोचल्या. मी आधी गप्प राहिले. मग आठवले की माझी आईसुद्धा परसात जे हिरवे असेल तेच आणून घट मांडत असे. ज्या भूमीत जे हिरवे उगवते ते देवीपुढे ठेवायचे, एवढाच त्या डहाळ्यांचा अर्थ असेल, तर डिसेंबरात कॅनडात हिरवे राहणारे तेच झाड आहे. शेवटच्या गुरुवारी हळदीकुंकवाला आलेल्या पाच जणींत त्या फिलिपिनो बाई होत्या, एक गुजराती, एक तमिळ आणि दोघी मराठी. फिलिपिनो बाईंनी आल्याबरोबर चपला दाराशी काढल्या आणि जाताना कहाणीचा अर्थ विचारून घेतला.

त्याच वर्षी दत्तजयंती २६ डिसेंबरला आली. चौलच्या दत्ताच्या डोंगरावरची यात्रा आपल्या वाचकांना ठाऊक आहे. पाच दिवस चालणारी ती यात्रा म्हणजे आमच्याकडच्या थंडीतला सर्वांत मोठा सण. ओंटारिओ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. त्यामुळे इकडे संध्याकाळी सहाला दत्तजन्म होत असताना तिकडे सकाळचे साडेसात वाजले होते आणि बाहेर अजून उजाडले नव्हते. माझ्या भावाने डोंगरावरून मोबाइलवर दाखवलेला पाळणा नातवाने झाडाच्या दिव्यांजवळ बसून पाहिला. ती सुटी नाताळला जोडून नसती, तर तो त्या वेळी शाळेच्या बसची वाट पाहत उभा असता. तिथी आपली आपण ठरवतो, परंतु सुटी देणारा तो देश असतो, आणि नव्याने गेलेल्या माणसाला त्या देशाच्या सुटीतच आपला सण बसवावा लागतो. हे कोकणी माणसाला नवीन वाटायचे कारण नाही. चाकरमान्यांच्या कितीतरी पिढ्यांनी मुंबईतली रजा आणि गावातला सण यांची सांगड घालण्यातच आयुष्य काढले.

पत्रलेखकांनी नाताळच्या झाडाला 'त्यांचे' म्हटले आहे. वस्तुतः कॅनडात ते झाडही बाहेरून आलेल्या माणसांबरोबरच आले. २४ डिसेंबर १७८१ रोजी क्युबेकमधील सोरेल या गावी, लढाईच्या निमित्ताने तेथे आलेले जर्मन सेनानी फॉन रीडेझेल आणि त्यांच्या पत्नी यांनी मायदेशाच्या आठवणीने आपल्या घरात दिवे लावलेले झाड उभे केले, आणि कॅनडातील पहिले नाताळचे झाड म्हणून तेच ओळखले जाते. नव्या देशातला हिवाळा सोसायला एका परक्या बाईने उभे केलेले झाड पुढे साऱ्या देशाचे झाले. माझ्या मुलीच्या शेजारणीची चांदणीही उद्या तशीच तिथली होईल, आणि घटातल्या डहाळ्यांचेही काय होईल ते कोणी सांगावे?

दूरचे कशाला पाहायचे? या आमच्या किनाऱ्याइतका या विषयाचा अनुभव फार थोड्या प्रदेशांना असेल. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौल बंदरात उतरला, आणि रेवदंड्यात त्याचे स्मारकही आहे. वाटेत त्याला लुटले तेव्हा त्याच्याजवळची धर्माची पुस्तके गेली. आपला ईस्टर केव्हा, नाताळ केव्हा, हे काहीच आता आपल्याला कळत नाही, अशी व्यथा त्याने प्रवासवर्णनात लिहून ठेवली आहे. ईस्टर तो अंदाजाने पाळत असे आणि मुसलमान उपास करीत तेव्हा त्यांच्याबरोबर उपास करी. शाळेत मुलांना त्याची माहिती सांगताना चौलच्या लोकांचे त्याने केलेले वर्णनच मी सांगत आले. सणाच्या दिवशी परक्या गावात कोणती तारीख आहे हे न कळणारा तो माणूस मला माझी मुलगी तिकडे गेल्यानंतर दिसला.

कोकणातल्या ज्यूंची, म्हणजे बेने इस्रायली समाजाची गोष्ट याहून जवळची आहे. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. शनिवारचा विश्राम, सुंता आणि खाण्यापिण्याचे काही नियम त्यांनी शतकानुशतके सांभाळले. मात्र थंडीत आठ दिवस दिवे लावण्याचा हनुक्का हा ज्यूंचा सण त्यांना ठाऊकच नव्हता, कारण ज्या घटनेवरून तो सुरू झाला ती, त्यांच्या परंपरेप्रमाणे, पूर्वजांनी देश सोडल्यानंतरची. बाहेरून आलेल्या धर्मशिक्षकांकडून त्यांनी तो पुढे शिकून घेतला. एवढी शतके तो सण न केल्यामुळे ते कमी ज्यू ठरले नाहीत, आणि १९४८ नंतर हजारोंच्या संख्येने इस्राएलला गेल्यावर तेथे तो थाटाने करू लागल्यामुळे त्यांचे कोकणीपणही संपले नाही. पोहे, ओले खोबरे, गोड आणि फळे यांचा 'मलिदा' ते तेथेही एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने करतात, आणि त्याचा मुख्य दिवस थंडीतच, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास येतो. माझ्या वर्गातली एक मैत्रीण लहानपणीच तिकडे गेली. काही वर्षांपूर्वी ती रेवदंड्याला आली, तेव्हा तिचे मराठी माझ्या नातवंडांपेक्षा अस्सल अलिबागी होते. सणांचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "तिथे गेलो तेव्हा तिथले लोक आमच्या मलिद्याला हसायचे. आता बोलावणं नसलं तर रागावतात."

खाडीपलीकडच्या कोर्लईत आजही पोर्तुगीजपासून झालेली स्वतंत्र बोली बोलणारी ख्रिस्ती कुटुंबे आहेत. पूल नव्हता तेव्हा नाताळात त्यांच्याकडून आमच्या घरी तरीतून फराळाचा डबा येई, आणि दिवाळीत आमच्याकडून जाई. त्यांच्या खिडकीतली चांदणी पाहायला वडील आम्हाला तरीने घेऊन जात. त्यामुळे आमचा धर्म बुडेल, असे त्या वेळी कोणी म्हणाल्याचे मला आठवत नाही. मग तोच डबा आपली मुलगी ओंटारिओत घेते आणि देते, तर आपल्याला एवढे दुखावे का?

पत्रलेखकांची एक भीती मात्र खरी आहे आणि ती मी नाकारत नाही. मुले भाषा विसरतात. माझा नातू आता मराठी समजतो, पण उत्तर पुष्कळदा इंग्रजीत देतो. परंतु यावर उपाय झाड काढून टाकणे हा नाही. ज्या घरात आजीचा फोन म्हणजे फक्त दोष काढण्यासाठी येतो, त्या घरातल्या मुलाला मराठी ही रागावण्याची भाषा वाटू लागते. हे मी स्वतःच्या घरात होता होता राहिलेले पाहिले आहे. गेली दोन वर्षे मी त्याला दर गुरुवारी महालक्ष्मीची कहाणी थोडी थोडी फोनवर सांगते आणि तो मला त्याच्या शाळेतल्या नाताळच्या नाटकाची गोष्ट मराठीत सांगायचा प्रयत्न करतो.

ज्यांची मुले या वर्षी प्रथमच परदेशी गेली आहेत, त्यांना माझी एवढीच विनंती आहे की २५ डिसेंबरला त्यांना आवर्जून फोन करावा, वेळेचा फरक पाहून करावा आणि तिकडच्या घरात जे काही मांडलेले असेल ते आधी कौतुकाने पाहावे. पार्सल पाठवायचे असेल तर ते ऑक्टोबरातच पाठवावे. त्यात ताजी पाने, फुले, बियाणे घालू नयेत, कारण तिकडच्या सीमाशुल्क विभागाचे त्याबाबतचे नियम कडक आहेत. हळदकुंकू, छापील कहाणीची पुस्तिका आणि घटाला नेसवायचे खणाचे कापड खुशाल घालावे. आपल्या दैनिकाने डिसेंबरात एखादे पान अशा कुटुंबांच्या पत्रांसाठी राखून ठेवले, तर येथे राहिलेल्या आम्हा आईवडिलांना तिकडचा हिवाळा थोडा कळेल.

माझे या वर्षीचे पार्सल तयार आहे. त्यात मुलीसाठी खण आहे, नातवासाठी दत्ताचे छोटे चित्र आहे आणि समोरच्या फिलिपिनो बाईंसाठी आमच्या आळीत बनवलेला, घडी घालता येणारा कागदी आकाशकंदील आहे. तो त्यांच्या चांदणीशेजारी टांगला की मला छायाचित्र पाठवायचे, असे मुलीला सांगून ठेवले आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
रेवदंडा, ता. अलिबाग, जि. रायगड