वीजकामाची तपासणी केवळ कागदापुरती नको

संपादक महोदय,

चतुर्थी जवळ आली की गोव्यात घरांची डागडुजी सुरू होते. रंगकामाबरोबर एखादी खोली वाढते, न्हाणीघरात गिझर येतो, विहिरीवर नवा पंप बसतो. वायरिंगचे काम बहुधा ओळखीचा वायरमन करून जातो आणि त्याची चाचणी झाली का, हे घरमालक विचारतही नाही. वास्तविक बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारख्या किरकोळ गोष्टी सोडल्या, तर वाढीव वा दुरुस्तीचे वीजकाम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा सुरक्षा नियम आहे. नवीन जोडणीच्या वेळी वीज खात्याला चाचणी अहवाल द्यावा लागतो, म्हणून तो मिळवला जातो. पुढे घरातले वायरिंग वाढत जाते, कागद मात्र पहिलाच राहतो.

त्या अहवालावर नुसती सही आणि शिक्का असून भागणार नाही. ५०० व्होल्टच्या मेगरने (रोध मोजण्याच्या उपकरणाने) मोजलेला इन्सुलेशनचा, म्हणजे वायरवरच्या आवरणाचा, रोध (तो किमान १ मेगाओहम हवा) आणि अर्थिंगचा रोध (हा मात्र जितका कमी तितका चांगला) त्यात आकड्यांत लिहिलेला असावा. अर्थिंग शक्यतो एप्रिल-मे महिन्यांत मोजून घ्यावे, कारण आपल्याकडची जांभ्याची जमीन तेव्हा कोरडी पडते आणि पावसाळ्यात समाधानकारक वाटलेला रोध उन्हाळ्यात वाढतो.

आरसीसीबीविषयी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचविषयी, थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते. एमसीबी (फ्यूजऐवजी बसवतात तो आपोआप बंद पडणारा स्विच) बसवली म्हणजे शॉकची भीती गेली, हा समज फार पसरलेला आहे. एमसीबी वायरला जादा भारापासून आणि शॉर्टसर्किटपासून वाचवते. माणसाच्या शरीरातून ५० मिलिअँपिअर प्रवाह गेला, तर १६ अँपिअरची एमसीबी पडणार नाही, पण तेवढा प्रवाह जीव घेऊ शकतो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी अशा वेळी क्षणार्धात पुरवठा तोडते. पावसात भिंती ओलावल्या की हीच आरसीसीबी वारंवार पडू लागते आणि गळती कुठे आहे हे शोधण्याऐवजी ती काढून लाइन ‘डायरेक्ट’ केली जाते. असे करून देणाऱ्या वायरमनला घरमालकाने ठामपणे नकार द्यायला हवा, कारण ती पडत होती याचाच अर्थ घरात कुठेतरी प्रवाह जमिनीत जात होता.

वीज खात्याने परवानाधारक ठेकेदारांची तालुकावार यादी पंचायतींच्या फलकांवर मराठी आणि कोंकणीतून लावावी, तसेच वाढीव भारासाठी अर्ज येईल तेव्हा मोजमापांच्या आकड्यांसह नवा अहवाल मागावा, ही विनंती.

— एक वीजग्राहक, फोंडा