आखाडातली कोंबडी घरातच भाजू

पुणे

तीर्थरूप आई-अण्णांना शिरसाष्टांग नमस्कार.

काल आई फोनवर म्हणाली, पावसाची भुरभुर थांबेना आणि सोसायटीवाले गच्चीवर इस्तव पेटवू देत नाहीत, म्हणून अण्णा कोळशाची शेगडी स्वयंपाकघरात आणून कोंबडी भाजणार आहेत. वारं लागू नये म्हणून खिडकीही लावून घेणार. अण्णा, हात जोडून सांगते, तेवढं करू नका. फोनवर हा विषय काढला की तुम्ही पाऊसपाण्याचं बोलायला लागता, म्हणून लिहितेय.

कोळसा लालबुंद झाला, धूर गेला, की तुम्हाला वाटतं आता धोका नाही. खरा धोका तेव्हाही असतो. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत चुरचुरही नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून घट्ट धरतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग गुंगी येते. ज्याला गुंगी आली त्याला उठून खिडकी उघडायचं सुचत नाही. गावाकडं माळवदाच्या घरात वर झरोका होता आणि दार दिवसभर सताड उघडं असायचं. संभाजीनगरच्या फ्लॅटचं तसं नाही. गॅलरीला काच लावलीय, तेव्हा गॅलरीतही नको.

राहिली चव. अण्णा म्हणतात, कोळशाशिवाय ती चव येत नाही. पण ती चव मुळात कोळशाची नसते. कोंबडीची चरबी आणि मसाल्याचं तेल निखाऱ्यावर ठिबकून जळतं, त्याचा धूर मांसाला लागतो, त्याची ती चव. ती घरात आणता येते.

आई, ब्रॉयलरच्या तंगड्या घे, मांडीसकट. छातीचं मांस तव्यावर कोरडं पडतं. नळाखाली धुऊ नकोस. पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्याभर उडतात. फडक्यानं टिपून घे आणि ते फडकं वेगळं टाक. खोल चिरा देऊन मीठ-लिंबू चोळ. अर्ध्या तासानं टांगून घट्ट केलेलं दही, आलं-लसूण, हळद, आपला काळा मसाला आणि चमचाभर घाण्याचं करडीचं तेल लाव आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेव. ओट्यावर मुळीच नको, आपल्याकडं पावसाळ्यातही उकाडा असतो. तव्याला मात्र रिफाईंड तेल लाव, घाण्याचं तेल लवकर धुरकटतं.

बिडाचा तवा चांगला तापू दे. तुकडे सुटे सुटे मांड. गर्दी केलीस तर पाणी सुटून ते शिजतात, भाजत नाहीत. दोन्ही बाजूंनी चार-पाच मिनिटं, मग आच मंद करून झाकण ठेवून साधारण वीस मिनिटं, मधे एकदा उलट. शेवटी झाकण काढून पाणी आटव आणि कडा काळपट होऊ दे. हाडाजवळ सुरी घातली की रस स्वच्छ यावा, लालसर नको. मी पाठवलेला थर्मामीटर हाडाला न टेकवता मांसात घाल. ७४ अंश सेल्सिअसला कोंबडी खायला निर्धोक होते. तंगडी आणखी थोडी तापू दिलीस तर ती जास्त मऊ लागते.

ताईनं दिलेल्या ओव्हनमध्ये सध्या डबे ठेवलेत ना? ते काढ. २०० अंशावर चाळीसेक मिनिटं, तुकडे जाळीवर आणि खाली ट्रे. शेवटची पाच मिनिटं फक्त वरची कांडी चालू ठेव. अण्णांना वाकून उलटंपालटं करावं लागणार नाही, म्हणून मला हाच मार्ग जास्त पटतो.

गावरान मिळाली तर सरळ भाजू नका, चिवट राहते. आधी मीठ-हळद घालून कुकरमध्ये शिजव, शिट्ट्या कोंबडीच्या वयावर. मग तुकडे कोरडे करून मसाला लावून तव्यावर. अळणी पाणी फेकू नकोस, अण्णांना भाकरी कुस्करून दे.

आता अण्णांचा धूर. तुकडे भांड्यात काढून मधे वाटी ठेवा. खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट चालू ठेवून कोळशाचा एकच लहान खडा गॅसवर लाल करा, वाटीत ठेवा, वर चमचाभर तूप सोडा आणि लगेच झाकण घाला. तीन मिनिटं पुरे. मग खडा चिमट्यानं उचलून पाण्यात बुडवा. तूप निखाऱ्यावर जळतं, तोच चरबी ठिबकल्याचा वास. शेगडीभर कोळसा जाळायची गरज उरत नाही.

श्रावण लागायच्या आत, येत्या रविवारी करा. तवा तापवायला ठेवलात की मला व्हिडिओ कॉल लावा, तुकडा कधी उलटायचा ते बघून सांगते. शेगडी खाली वॉचमनच्या खोलीत देऊन टाकू नका, तोही दार लावून झोपतो. तिथली खोली याहून लहान आहे.

तुमची लेक