मारणाऱ्याला एक गुण, वाचवणाऱ्याला अर्धा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणकावरील नेमबाजीच्या खेळांविषयी वर्तमानपत्रांत जे छापून येते, ते बहुधा मुलांना लागणाऱ्या व्यसनाविषयी असते किंवा स्पर्धांतल्या बक्षिसांविषयी. दोन्ही विषय महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही. परंतु हे खेळ आतून कसे चालतात, त्यांत भूमिकांची वाटणी कशी होते आणि ती बिघडली म्हणजे खेळणाऱ्यांचे आपसातले वागणे कसे बिघडते, यावर मराठीत फारसे कोणी लिहीत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे खेळ व ई-स्पोर्ट्स यांत स्पष्ट भेद केला. सोलापुरातही गड्डा यात्रा आटोपली की महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांचा हंगाम सुरू होतो आणि त्यांत अशा सामन्यांना आता जागा मिळू लागली आहे. म्हणून हे पत्र.

ज्यांनी सांघिक नेमबाजीचा खेळ कधी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी ‘टीम फोर्ट्रेस २’चे उदाहरण घेतो. व्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने ऑक्टोबर २००७ मध्ये आणलेला आणि २०११ पासून मोफत असलेला हा खेळ आजही खेळला जातो. त्यात स्काउट, सोल्जर, पायरो, डेमोमॅन, हेवी, एंजिनिअर, मेडिक, स्नायपर आणि स्पाय असे नऊ क्लास, म्हणजे खेळाडूच्या भूमिका, आहेत, आणि प्रत्येकाचे बळ दुसऱ्या कोणाच्या तरी दुबळेपणाशी जोडलेले आहे. एंजिनिअरने आपोआप गोळ्या झाडणारी सेंट्री गन मोक्याच्या जागी उभी केली की एकेकटे हल्ला करणारे तिच्यापुढे टिकत नाहीत. ती फोडण्यासाठी सोबत्यांवर उपचार करणाऱ्या मेडिकचा ‘युबरचार्ज’ लागतो, ज्यात तो आणि त्याचा एक सोबती आठ सेकंदांपुरते अभेद्य होतात. तो युबरचार्ज निष्फळ करायचा तर सेंट्री राखणाऱ्या बाजूच्या पायरोने हवेच्या झोताने त्या जोडीला मागे ढकलून ते आठ सेकंद वाया घालवायचे, आणि दरम्यान हल्ला करणाऱ्या बाजूच्या स्पायने मागच्या बाजूने येऊन सेंट्री निकामी करायची. ही साखळी ज्याच्या डोक्यात बसली, त्याला हा खेळ निव्वळ गोळीबार वाटत नाही.

या सगळ्यात मेडिकचे काम सर्वांत चिवट असते. हेवीची मूळ ताकद, म्हणजे मार सोसण्याची क्षमता, ३०० असते आणि मेडिक ती ४५० पर्यंत नेऊ शकतो. मेडिकची स्वतःची मात्र १५०, म्हणजे शत्रूच्या स्नायपरने नेम पुरता भरण्याआधीच मारलेल्या एका हेडशॉटने संपणारी. युबरचार्ज भरायला जखमी सोबत्यांवर सतत उपचार करत राहिले तरी सुमारे ४० सेकंद लागतात, आणि मेडिक मेला की भरलेले सगळे शून्यावर येते. आता याच खेळाचा स्कोअरबोर्ड पाहा. शत्रूला मारणाऱ्याला एक गुण मिळतो आणि त्याच्या पाठीशी उभे राहून त्याला जिवंत ठेवणाऱ्या मेडिकला त्याच किलबद्दल अर्धा. उपचारांचे आणि युबरचार्जचे गुण वेगळे मिळतात हे खरे, पण सामना संपल्यावर ‘तुझे किल किती?’ हाच प्रश्न विचारला जातो. आपल्या शहराला हे नवे नाही. चादरीबद्दल नाव होते ते माग चालवणाऱ्याचे, कांड्या भरणाऱ्या हातांची चौकशी माग थांबल्यावरच होते.

याचा परिणाम खुल्या सर्व्हरवर रोज दिसतो. ‘कॅज्युअल’ या प्रकारात दोन्ही बाजूंना बारा-बारा खेळाडू असतात आणि एका क्लासचे किती जण असावेत यावर बंधन नाही. त्यामुळे एका बाजूला चार स्नायपर, तीन स्पाय आणि मेडिक एकही नाही, हे दृश्य नित्याचे आहे. संघ हरू लागला की माइकवर एकमेकांचा उद्धार सुरू होतो, आणि शेवटी वैतागून कोणी मेडिक घेतलाच तर पहिल्या मिनिटातच सगळ्यांच्या तक्रारी त्याच्याकडे वळतात. मी स्वतः बराच काळ मेडिक खेळत आलो आहे आणि ‘हील कुठंय बे?’ हे वाक्य मला माझ्या नावापेक्षा अधिक वेळा ऐकू आले आहे.

यावर कंपनीने आकडे बदलावेत, अमुक क्लास दुबळा करावा, तमुक बळकट करावा, अशी मागणी खेळाडू नेहमी करतात. तिच्यात तथ्य असते. एका गोळीत समोरच्याला संपवणारा स्नायपर दुरून खेळत असल्याने त्याला उत्तर द्यायला जवळ फारसे साधन नसते, ही तक्रार जुनी आहे. २०२० च्या सुमारास आपोआप नेम धरणाऱ्या बॉट्सनी या खेळात धुमाकूळ घातला तेव्हा त्यांतल्या बहुतेकांनी स्नायपरच निवडला होता, यावरून काय ते समजावे. (त्या उपद्रवाविरुद्ध खेळाडूंना मे २०२२ आणि जून २०२४ असे दोनदा जाहीर आवाज उठवावा लागला.) तरीही आकडे हा रोगाचा छोटा भाग आहे, असे माझे मत आहे, आणि त्याचा पुरावा याच खेळात सापडतो.

स्पर्धात्मक पातळीवर हा खेळ मुख्यतः सहा विरुद्ध सहा असा खेळला जातो. तिथे रूढ रचना दोन स्काउट, दोन सोल्जर, एक डेमोमॅन आणि एक मेडिक अशी आहे. मेडिक एकाहून अधिक घेता येत नाही. या सामन्यांत मेडिकची उपचाराची मेडिगन तीच, आठ सेकंद तेच आणि १५० ची ताकदही तीच. पण संपूर्ण संघ त्याच्याभोवती फिरतो. शत्रूचा मेडिक पडला की लगेच चाल करायची आणि आपला पडला की माघार घ्यायची, हे तिथे कोणाला सांगावे लागत नाही. मेडिककडे संघाचे नेतृत्व असल्याची उदाहरणेही कमी नाहीत. एक आकडाही न बदलता जी भूमिका एके ठिकाणी हमालीची आणि दुसऱ्या ठिकाणी मानाची ठरते, तिचा मान सामन्याच्या नियमांवर आणि सोबत्यांच्या सवयींवर अवलंबून असला पाहिजे, असेच म्हणावे लागते.

केवळ नियमांनीही सारे जमत नाही. ‘ओव्हरवॉच’ हा ब्लिझर्ड कंपनीचा खेळ २०१६ मध्ये आला. त्यात मार झेलणारा टँक, शत्रूला मारणारा डॅमेज आणि सोबत्यांना सावरणारा सपोर्ट अशा तीन प्रकारच्या भूमिका आहेत. पुढे तीन टँक आणि तीन सपोर्ट घेऊन खेळणारे संघ इतके वरचढ झाले की डॅमेजची भूमिका स्पर्धांतून जवळजवळ हद्दपार झाली, आणि २०१९ मध्ये कंपनीने प्रत्येक भूमिकेला दोन-दोन जागा असे बंधन घातले. झाले असे की डॅमेज सगळ्यांनाच हवा असल्याने त्यासाठी थांबणाऱ्यांची रांग लांबली आणि टँकला मात्र माणूस मिळेना. २०२२ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत संघ पाच जणांचा करून एक टँक काढून टाकला गेला. त्यानंतर हरल्याचा दोष त्या उरलेल्या एकट्या टँकवर येऊ लागला. नियमाने जागा भरली, पण ती जागा नकोशी वाटण्याचे कारण कायम राहिले.

आपल्याकडच्या गेमिंग कॅफेंत सध्या ज्याची चलती आहे त्या ‘व्हॅलोरंट’मध्येही थोड्याफार फरकाने हेच चालते. मुंबईत सर्व्हर असल्याने पिंग (सर्व्हरशी संदेश जाऊन येण्याचा वेळ) बरा मिळतो आणि पाच जणांचा संघ मित्रांत सहज जमतो. निवडीची वेळ सुरू होताच पुढे घुसून मारणारा ड्युएलिस्ट पकडून ठेवणे, ज्याला पोरे ‘इन्स्टालॉक’ म्हणतात, ही जणू पराक्रमाची खूण झाली आहे. धूर सोडून वाट झाकणारा कंट्रोलर किंवा मागची बाजू राखणारा सेंटिनेल सर्वांत नवख्या, सर्वांत लहान किंवा सर्वांत गरीब स्वभावाच्या मुलाच्या गळ्यात पडतो. तो शिकण्याआधीच शिव्या खातो आणि पुढच्या वेळी तोही ड्युएलिस्ट पकडतो.

बोलण्याचा मुद्दा वेगळा काढत नाही, कारण तो यापासून वेगळा नाहीच. सोलापूरचा संघ म्हणजे मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच माइकवर. एका वाक्याची सुरुवात एका भाषेत आणि शेवट दुसऱ्या भाषेत होतो आणि तरी सूचना क्षणात पोहोचते, ही आपली जमेची बाजू आहे. तीच बोली परक्या शहरातल्या सोबत्यांनी ऐकली की टिंगल सुरू होते, म्हणून पुष्कळ मुले माइकच बंद ठेवतात. मुलींची अडचण याहून मोठी आहे. आवाज ऐकताच जे शेरे येतात ते येथे लिहिण्याजोगे नाहीत, आणि मुकाट्याने खेळणाऱ्या मुलीने सपोर्ट घेतला तर ‘मुली हेच खेळणार’ हेही तिला ऐकावे लागते. शत्रू कोणत्या बाजूने येतो आहे हे बोलून सांगण्यावर जो खेळ उभा आहे, त्यात संघातले दोन जण गप्प बसले तर कंपनीच्या कोणत्याही पॅचने, म्हणजे खेळातल्या दुरुस्तीने, तो संघ सावरणार नाही.

‘आम्ही करमणुकीसाठी खेळतो, जो आवडेल तो क्लास घेऊ,’ असे म्हणणाऱ्यांशी माझा वाद नाही. घरी रात्री तासभर खेळणाऱ्याने पाचवा स्नायपर व्हावे की नाही, हे त्याचे त्याने ठरवावे. प्रश्न शुल्क घेऊन, फलक लावून आणि प्रमाणपत्रे देऊन भरवल्या जाणाऱ्या सामन्यांचा आहे. शहरात असे जे सामने मी पाहिले, त्यांत वैयक्तिक बक्षीस एकच होते, ते सर्वाधिक किलचे. बक्षीस असे ठेवल्यावर मुले त्याप्रमाणेच खेळणार, आणि संयोजकांनीच नंतर संघभावनेवर भाषण करावे हे मला विसंगत वाटते.

‘टीम फोर्ट्रेस २’मध्ये ‘हायलँडर’ नावाचा एक प्रकार आहे. नऊ जणांचा संघ आणि प्रत्येक क्लासचा बरोबर एक खेळाडू. त्यात एका सामन्याला अठरा संगणक लागतात आणि सगळ्यांनाच मनाजोगती भूमिका मिळत नाही, हे खरे. पण जिथे एवढी यंत्रे आहेत त्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत तो एकदा करून पाहण्यासारखा आहे, कारण ज्याला संघात नेहमी शेवटी निवडतात, त्याच्यावाचून त्यात संघच पुरा होत नाही. ‘व्हॅलोरंट’च्या सामन्यांत सर्वाधिक साहाय्याचे बक्षीस किलच्या बक्षिसाइतक्याच रकमेचे ठेवता येईल, साहाय्याचा आकडा खेळ स्वतःच दाखवतो, वेगळी मोजणी करावी लागत नाही. माइकवरील शिवीगाळीसाठी पंचाने एकदा ताकीद द्यावी आणि दुसऱ्यांदा तो राउंड प्रतिस्पर्ध्याला द्यावा. मात्र हे नियम नोंदणीच्या अर्जावरच छापलेले असावेत, कारण सामना रंगात आल्यावर तोंडी सांगितलेला नियम कोणताही संघ मानत नाही.

आपला विश्वासू,
एक मेडिक खेळाडू
जुळे सोलापूर