आईची नवी गोळी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

आई, बीपीच्या टेल्मिसार्टन गोळीच्या जोडीला डॉक्टरांनी तुला क्लोरथॅलिडोन 12.5 मिलिग्रॅम सुरू केली, हे चांगलं झालं. गोळी जुनी, स्वस्त आणि खात्रीची आहे. 33 हजारांवर रुग्णांच्या एका अमेरिकन चाचणीत ती नव्या महागड्या औषधांच्या तोडीस तोड ठरली. तो निकाल 2002 सालचा.

ही गोळी मूत्रपिंडातून मीठ बाहेर टाकते आणि मिठामागून पाणी जातं. सुरुवातीला लघवीला जास्त जावं लागेल. काही दिवसांनी ते कमी होईल, पण म्हणून गोळी लागू पडत नाही असं समजू नकोस. पुढे रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी उतरतं. पुरता गुण यायला चार आठवडे लागतात. सकाळी नाष्ट्यानंतर घे, म्हणजे रात्री उठावं लागणार नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नकोस, हिचा असर दोन दिवस टिकतो.

मला खरी काळजी रक्तातल्या सोडियमची आहे. तुझ्या वयाच्या, अंगानं बारीक बायकांमध्ये पहिल्या काही आठवड्यांतच ते घसरू शकतं. बाबा, हे तुम्ही बघा: मळमळ, डोकं जड, चालताना तोल जाणं, दिवसभर गुंगी, बोलण्यात गोंधळ. यातलं काही दिसलं तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून थांबू नका, त्याच दिवशी रक्त तपासा. बोलण्यात गोंधळ वाटला तर थेट दवाखान्यात न्या. आणि गोळीनं पाणी जातं म्हणून आईला तांब्यावर तांब्या पाणी पाजू नका. जादा पाण्यानं सोडियम आणखी पातळ होतं. तहान लागेल तेवढंच पुरे.

दोन आठवड्यांनी रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासून घ्याच. सोडियम 135 ते 145 आणि पोटॅशियम 3.5 ते 5 मध्ये हवं. पायात गोळे येणं, छातीत धडधडणं ही पोटॅशियम उतरल्याची खूण असू शकते. साखर आणि युरिक अ‍ॅसिडही थोडं वाढू शकतं, म्हणून पायाचा अंगठा लाल होऊन ठणकला तर सांगा.

गुडघे दुखले की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणायची सवय आता बंद. या दोन गोळ्यांबरोबर ती मूत्रपिंडाला घातक ठरते, शिवाय बीपीही चढवते. दुखलंच तर पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांना विचारून.

दिवसाचं मीठ एक लहान चमचा, सगळं धरून. रश्शातलं, लोणच्यातलं, मिसळीवरच्या फरसाणातलंसुद्धा. मीठ जास्त झालं की गोळी फिकी पडते आणि पोटॅशियमही जास्त जातं. दुकानातलं ‘कमी सोडियमचं’ मीठ मात्र आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टनबरोबर ते वर चढू शकतं.

उलट्या-जुलाब लागले तर त्या दिवशी गोळ्या घ्यायच्या की थांबवायच्या हे डॉक्टरांना फोन करून विचारा. चैत्रात जोतिबाला जायचं तर ऊन चढायच्या आत परत या.

बीपी सकाळी गोळीआधी, लघवी करून, पाच मिनिटं टेकून बसल्यावर मोजा. मग आईला उभं करून एक मिनिटानं पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 नं उतरला किंवा चक्कर आली तर डॉक्टरांना लगेच कळवा. आकडे वहीत लिहा, आणि रक्ताचा रिपोर्ट आला की फोटो काढून मला पाठवा.

तुमची,
मोठी