आधी पडायला शिकवा

महोदय,

‘स्वसंरक्षणासाठी ऐकिदो’ असा फलक लावून ही जपानी युद्धकला शिकवणाऱ्या वर्गांत बहुधा मनगट पिरगाळण्यापासून सुरुवात होते. ती पडण्यापासून हवी. मागे पडताना हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल ठेवायची आणि तळहात मागे टेकवायचा नाही. टेकवला की सगळे वजन मनगटावर येते, हाड मोडू शकते. घसरून पडण्याचा प्रसंग हल्ल्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा येतो, हेही ध्यानात घ्यावे.

कुणी मनगट धरले तर हात सरळ मागे ओढू नये. पकड अंगठा आणि बोटे यांच्यामधल्या फटीत सर्वांत कच्ची असते. मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवावी, कोपर समोरच्याच्या दिशेने पुढे न्यावे आणि त्याच क्षणी पाऊल टाकून त्याच्या बाजूला यावे. नवशिक्यांचे हात चालतात, पाय जागचे हलत नाहीत. तिथेच फसते.

जोडीदार आपणहून पडत असेल, तर डाव जमला असे समजू नये. काही आठवड्यांनी त्याला खरोखर ओढायला, ढकलायला सांगावे. चाकू हिसकावण्याच्या प्रात्यक्षिकांना टाळ्या मिळतात खऱ्या. पण लाकडी चाकूऐवजी एकदा उघडे मार्कर पेन द्या आणि शर्टावर किती रेघा उठतात ते मोजा.

– एक प्रशिक्षक