बाबा, त्या दिवशी फोनवर सांगितलं नाही ते

लंडन, ४ मे २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी लिव्हरपूलनं टॉटनहॅमला ५-१ असं हरवून फुटबॉलची प्रीमियर लीग जिंकली आणि फोनवर बाबांचा आवाज बसलेला होता. किती आनंद झाला होता तुम्हाला! त्या भरातच तुम्ही विचारलंत, "पोरी, तू पण एवढ्या मोठ्या क्लबात कामाला आहेस, पगार तरी चांगला देत असतील की?" मी "हो, चाललंय" म्हटलं आणि आईला स्वयंपाकाचं विचारायला लागले. ते आठवडाभर मनाला टोचतंय. तुमच्याशी असं अर्धवट बोलायची मला सवय नाही.

पहिली गोष्ट म्हणजे मी क्लबच्या नोकरीत नाहीच. अंगावरच्या जॅकेटवर क्लबचं चिन्ह आहे, पण पगाराच्या पावतीवर नाव एजन्सीचं. बाबा, शिरोलीच्या फाउंड्रीत अकरा वर्षं तुमचं जे होतं, तेच. भट्टी त्यांची, साचे त्यांचे, आणि तुमची हजेरी कंत्राटदाराच्या वहीत. दर दोन-तीन वर्षांनी कंत्राटदार बदलायचा आणि तुम्ही पुन्हा नवे कामगार व्हायचात. लहानपणी मला ते कळायचं नाही. आता कळतंय.

सामना तीनला असला की आम्हाला साडेअकराला गेटवर बोलावतात. झडती होते, रांग लागते, जॅकेट मिळतं, मग यादीत नाव शोधतात. पगार मात्र बारापासून धरतात. खाण्याच्या काउंटरवरचं काम झालं की मी साफसफाईला थांबते. इथल्या खुर्च्या आपोआप मिटतात. म्हणून एका हातानं खुर्ची दाबून धरायची, दुसऱ्या हातानं खालचा कप काढायचा, पुढच्या खुर्चीकडे सरकायचं. बिअर सांडून जमीन चिकट झालेली असते, बूट उचलताना आवाज येतो. एक रांग संपेपर्यंत मनगट भरून येतं आणि वर बघितलं की अजून चाळीस रांगा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर आपण शेंगांची टरफलं टाकून यायचो ना बाबा, ती कोण झाडत असेल, हे इथं आल्यावर पहिल्यांदा मनात आलं.

माझ्यासोबत घानाच्या एक बाई आहेत, पन्नाशीच्या पुढच्या. पहाटे चारला ऑफिसं झाडायला जातात आणि सामना असेल त्या दिवशी तिथून इकडे येतात. शाळेत जाणारी मुलगी आहे त्यांना. ती जागी असताना आठवड्यातून दोनदाच भेटते म्हणतात. मी विद्यार्थी, मला शिकत असताना आठवड्याला वीसच तास कामाची परवानगी. माझं हे दोन वर्षांचं. त्यांचं आयुष्य यातच चाललंय.

आता आकडे सांगते. कायद्यानं ठरलेली किमान मजुरी एप्रिल २०२५ पासून तासाला १२.२१ पौंड झाली. आम्हाला तेवढीच मिळते. आई लगेच रुपयांत गुणाकार करेल, पण आई, खर्चही इथं पौंडांतच होतो गं. लंडनमध्ये नीट जगायला काय लागतं, याचा हिशेब लिव्हिंग वेज फाउंडेशन नावाची संस्था दरवर्षी करते, घरभाडं, खाणंपिणं, मुलं सगळं धरून. २०२४-२५ साठी तो दर तासाला १३.८५ पौंड आहे. फरक तासाला १.६४ पौंडांचा. बसचं एका वेळचं भाडं १.७५. आठवड्याचे वीस तास धरले तर महिन्याला माझे सव्वाशेच्या वर पौंड होतात. त्या बाईंचे तर कितीतरी जास्त.

हा दर मिळावा ही मागणी मोठ्या लोकांनी काढलेली नाही. २००१ साली पूर्व लंडनमधले लोक एकत्र आले. दोन-दोन नोकऱ्या करूनही भागत नव्हतं आणि पोरांना वेळ देता येत नव्हता, तिथून ती सुरू झाली. फुटबॉलमध्ये स्कॉटलंडच्या हार्ट्सनं २०१४ मध्ये ती मान्य केली. तो क्लब त्याच वर्षी दिवाळखोरीतून बाहेर पडला होता आणि खालच्या विभागात घसरला होता! त्याला जमलं. डिसेंबर २०१४ मध्ये चेल्सीनं केलं, प्रीमियर लीगमधला तो पहिला क्लब. पुढं एव्हर्टन आणि तुमचं लिव्हरपूलही त्या यादीत आलं.

२०१५ मध्ये लीगनं तीन हंगामांचे टीव्हीचे हक्क ५ अब्ज पौंडांच्या वर विकले. तेव्हा चहूकडून बोलणी बसली म्हणून सगळ्या क्लबांनी हा दर द्यायचं कबूल केलं, पण "पूर्णवेळ" कर्मचाऱ्यांना. बाबा, स्टेडियममध्ये पूर्णवेळ असतं कोण? स्वयंपाकी, सफाईवाले, गेटवरचे, सगळे सामन्यापुरते आणि बहुतेक एजन्सीचे. त्या एका शब्दानं आम्ही सगळे बाहेर पडलो. फाउंडेशनची मान्यता हवी असेल तर अशी पळवाट चालत नाही. आठवड्याला दोन तास आणि सलग आठ आठवडे काम करणारा कंत्राटी माणूसही त्यांच्या नियमात धरावा लागतो. म्हणूनच आमचं म्हणणं आहे की तोंडी आश्वासन नको, मान्यता घ्या.

तुम्हाला २०२० चं आठवतंय का? लॉकडाऊनमध्ये लिव्हरपूलनं सुमारे २०० कर्मचाऱ्यांचा पगार सरकारी योजनेवर टाकायचं ठरवलं होतं. फेब्रुवारीतच त्यांनी ४ कोटी २० लाख पौंडांचा नफा जाहीर केला होता. खेळाडू कुणी त्या योजनेत नव्हते, होती ती ऑफिसातली आणि स्टेडियममधली माणसं. शनिवारी जाहीर झालं, लिव्हरपूलचेच समर्थक आणि जुने खेळाडू खवळले, आणि सोमवारी क्लबनं माफी मागून निर्णय फिरवला. पुढच्या आठवड्यात टॉटनहॅमलाही तेच करावं लागलं. जे लोक त्या क्लबवर जीव टाकतात, त्यांनीच ते घडवून आणलं. तुमच्यासारख्यांनी, बाबा.

आता जे सांगायला कचरत होते ते. आम्ही क्लबला एक पत्र लिहितोय आणि त्यावर मी सही केली आहे. युनियनचीही सभासद झाले. आई, घाबरू नकोस, विद्यार्थी व्हिसावर युनियनमध्ये जायला कायद्याची आडकाठी नाही, मी विचारून घेतलंय. एजन्सीनं उद्या बोलावणं बंद केलं तर? करू शकतात. माझ्याकडे दोन महिन्यांची शिल्लक आहे, तुमच्याकडे मागणार नाही.

बाबा, मी आठवीत असताना फाउंड्रीतल्या लोकांनी निवेदन काढलं होतं. रात्री दोघं ते घेऊन आपल्या घरी आले होते. तुम्ही सही केली नाहीत. ते गेल्यावर तुम्ही आईला म्हणालात, "पोरीची फी भरायची आहे या महिन्यात." मी आतल्या खोलीत जागी होते. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. तुम्हाला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. माझी फी भरली गेली म्हणून तर मी आज इथं आहे आणि माझ्या सहीनं कुणाची फी अडत नाही.

तुमच्याकडून एक मदत हवी आहे. गेटवरच्या त्या अर्ध्या तासाचं आमच्या पत्रात कसं मांडावं, यावर आमचं अडलंय. एजन्सी म्हणते, काम जागेवर पोचल्यावर सुरू होतं. तुमच्या त्या निवेदनातही गेटपासून हजेरी धरण्याचं काहीतरी होतं, असं मला पुसटसं आठवतं. शब्द आठवत असतील तर फोनवर सांगू नका, लिहून फोटो पाठवा. गुरुवारी आम्ही सगळे बसणार आहोत, त्याआधी मिळालं तर बरं.

आई, बाबांच्या गुडघ्याला तेल लावतेस ना? आणि मेतकूट संपत आलंय.

तुमची,
माई