सूचना : सुपरहिरोचा खेळ आणि आपली लहान मुलं

सर्व पालकांना नमस्कार,

सुट्टी लागल्यापासून तीन ते सहा वर्षांची मुलं अंगणात सुपरहिरो होऊन खेळतायत. खेळू द्या, तो बंद करू नका. मात्र या वयात पडद्यावरचं उडणं मुलांना खरंच वाटू शकतं. १९९७ मध्ये दूरदर्शनवर 'शक्तिमान' ही सुपरहिरोची मालिका सुरू झाली, तेव्हा मुलं नक्कल करू लागली आणि शक्तिमानचं काम करणाऱ्या मुकेश खन्नांना स्वतः पडद्यावरून त्यांना समजवावं लागलं होतं.

नुसतं "ते खोटं असतं" म्हणून भागत नाही. नट दोरीला बांधलेला असतो, खाली गाद्या असतात, दोरी नंतर संगणकावर पुसतात, हे सांगा. मोबाइलवर मुलासोबत बाहुलीला दोऱ्याने उडवून व्हिडिओ काढा. युक्ती हातात आली की पटकन पटतं. मोठ्यांनी गमतीतही "उड बघू!" म्हणू नये, ही कळकळीची विनंती.

गळ्यात गाठ मारलेली ओढणी घसरगुंडीत अडकून फास बसू शकतो, म्हणून ती काढूनच खाली पाठवा. बाल्कनी व खिडकीजवळच्या खुर्च्या, स्टुलं आजच हलवा. गच्चीचं दार आजपासून कुलूपबंद राहील. किल्ली वॉचमनकडून फक्त मोठ्यांनाच मिळेल.

– व्यवस्थापन समिती